परतीची वाट आधीच गहाण पडली होती: डोनाल्ड क्रोहर्स्टचं प्रकरण

१० जुलै १९६९. उत्तर अटलांटिकमधून चाललेल्या 'पिकार्डी' या ब्रिटिश टपालजहाजाला एक शिडाची होडी दिसली. मागचं लहान शीड तेवढं वर होतं, बाकीची उतरवलेली. भोंगा वाजवला, पण होडीवरून कोणी डोकावलं नाही. खलाशी उतरून आत गेले तेव्हा त्यांना न धुतलेली भांडी, उघडून ठेवलेल्या रेडिओचे सुटे भाग आणि रोजनाम्याच्या वह्या सापडल्या. माणूस नव्हता.

होडीचं नाव 'टिनमथ इलेक्ट्रॉन'. तिच्यावरचा एकटा माणूस, डोनाल्ड क्रोहर्स्ट, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीतून घरी येत आहे अशी सगळ्यांची समजूत होती. तो जिथून निघाला त्या टिनमथ गावात स्वागताची तयारी चालू होती. होडी रिकामी सापडल्याची बातमी आली तेव्हा लोक हळहळले. मग वह्या वाचल्या गेल्या आणि जुलै संपता संपता खरी गोष्ट बाहेर आली. तो पृथ्वीभोवती गेलाच नव्हता. सगळे महिने तो अटलांटिकमध्येच होता.

हे प्रकरण बहुतेक वेळा 'समुद्रावरची फसवणूक' म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं सांगणं अपुरं वाटतं. नोकरीधंदा सांभाळून शंभर किलोमीटर धावणारी, खाड्या पोहून जाणारी, आठ हजार मीटरच्या शिखरावर जाण्यासाठी कर्ज काढणारी माणसं आज खूप आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. अशा प्रत्येकाने क्रोहर्स्टचे ते आठ महिने बारकाईने पाहावेत असं मला वाटतं. हा माणूस खोटारडा म्हणून घरातून निघाला नव्हता. माघार घेता येऊ नये अशी व्यवस्था त्याच्याभोवती उभी राहिली होती, आणि तिची बरीचशी बांधणी त्याने स्वतःच्याच हातांनी केली होती.

शर्यत कशी होती

१९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी साठी उलटल्यावर शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत सिडनीला एकच मुक्काम. ब्रिटन वेडं झालं. आता उरलं होतं ते कुठेच न थांबता जाणं. काही नाविक आपापली तयारी करतच होते. मार्च १९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने त्या सगळ्यांना एका शर्यतीत ओढलं. पहिला परत येईल त्याला 'गोल्डन ग्लोब' हा करंडक, सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला ५,००० पौंड. १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान केव्हाही निघायचं. मुदतीला कारण होतं: उशिरा निघालं तर दक्षिण महासागरात आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नपाशी ऐन हिवाळ्यात पोहोचण्याची भीती.

अनुभवाची अट मात्र नव्हती. नऊ जण उतरले आणि एकटा पूर्ण करून आला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत बांधलेली, भारतीय सागवानाची, जड आणि संथ. तिच्यावरची आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा तुटली, रेडिओ बंद पडला, टाकीतलं पाणी नासलं, आणि तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फाल्मथच्या बंदरात शिरली. मुंबईहून ती होडी इंग्लंडपर्यंत त्यानेच दोन सोबत्यांसह शिडावर चालवत नेली होती. म्हणजे शर्यतीपूर्वीच तिची खोड न् खोड त्याला पाठ होती.

क्रोहर्स्ट कोण होता

जन्म १९३२, गाझियाबाद. वडील भारतीय रेल्वेत. स्वातंत्र्यानंतर कुटुंब इंग्लंडला परतलं. वडिलांनी आयुष्याची पुंजी इथल्या एका खेळसाहित्याच्या कारखान्यात गुंतवली होती, तो फाळणीच्या दंगलींत जळाला. पुढे वडील वारले आणि मुलाचं शिक्षण अर्धवट सुटलं. घर एकदा कोसळताना पाहिलेला हा मुलगा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. हवाई दल, मग सैन्य, दोन्हींतून बाहेर. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा छोटा धंदा. रेडिओच्या लहरींवरून दिशा शोधायचं 'नेव्हिकेटर' नावाचं हातात धरायचं यंत्र त्याने बनवलं. कल्पक, हुशार, बोलण्यात समोरच्याला जिंकणारा. पत्नी क्लेअर, चार मुलं. आणि धंदा बुडीत चाललेला.

नौकानयन त्याच्यासाठी सुट्टीच्या दिवसांचा छंद होता. म्हणून तो मूर्ख ठरत नाही; छंदातूनच मोठे नाविक तयार झाले आहेत. पण त्याच्या डोक्यातलं गणित समुद्राचं कमी आणि धंद्याचं जास्त होतं: शर्यत जिंकली तर नाव होईल, नाव झालं तर यंत्रं खपतील, यंत्रं खपली तर घर वाचेल.

करार

धंद्यात आधीच पैसे घातलेला स्टॅन्ली बेस्ट नावाचा एक व्यावसायिक होडीचा खर्च उचलायला तयार झाला. अट अशी की क्रोहर्स्टने मोहीम अर्ध्यात सोडली, तर होडी त्याच्याच कंपनीने परत विकत घ्यायची. शिवाय धंदा आणि राहतं घर दोन्ही तारण.

कुणी सावकारी केली असं मी म्हणत नाही. पैसे लावणाऱ्याने आपले पैसे सुरक्षित करायला पाहणं स्वाभाविक आहे. पण या कागदाचा अर्थ काय होतो ते पाहा. वादळात मेला तर कुटुंबावर दुःख कोसळणार, तरी तो वीर ठरणार. जिवंत परत फिरला तर मात्र घर जाणार, धंदा जाणार आणि वर नाचक्की. शहाणपणाने माघार घेण्याची किंमत करारात इतकी चढवली गेली होती की पुढे जाण्याचा धोका तिच्यासमोर स्वस्त वाटावा.

त्यात रॉडनी हॉलवर्थ नावाचा प्रसिद्धीप्रमुख आला. त्याने क्रोहर्स्टला टिनमथ या किनाऱ्यावरच्या गावाशी जोडून दिलं. होडीला गावाचं नाव मिळालं, गाव अभिमानाने मागे उभं राहिलं. आता परत फिरणं म्हणजे एका गावाला मान खाली घालायला लावणंही झालं.

होडी

त्याने निवडली ४० फुटी ट्रायमरान. मधे मुख्य बूड आणि दोन्ही अंगांना एकेक लहान बूड, जणू होडीला दोन बाजूंनी उलांडी. अशी होडी हलकी आणि अनुकूल वाऱ्यात फार वेगवान. अडचण एकच, पण जीवघेणी: तळाशी जड वजन असलेली एकबुडी होडी उलटली तर बहुधा पुन्हा सरळ होते, ट्रायमरान उलटली की उलटीच राहते. 'गरजणाऱ्या चाळीस' अक्षांशांत, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या ४० ते ५० अंशांच्या वादळी पट्ट्यात, जिथे लाटांना अडवायला जमीन नाही, तिथे हा फरक छोटा नाही.

क्रोहर्स्टकडे यावर उपाय होता. डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी. होडी कलंडली की विजेच्या यंत्रणेने ती आपोआप फुगणार आणि होडी पूर्ण उलटी होऊ देणार नाही. कल्पना खरोखर चांगली होती. पण कामाला वेळ अपुरा पडला. होडीभर तारा ओढल्या गेल्या. ज्या यंत्राला त्या जोडायच्या होत्या, ते यंत्र झालंच नाही. होडी सापडली तेव्हाही त्या तारा कुठेच पोहोचत नव्हत्या.

बांधणीच्या ठिकाणाहून टिनमथला यायला तीन दिवस धरले होते, दोन आठवडे लागले. ही खरी परीक्षा होती आणि होडी त्यात नापास झाली होती: वाऱ्याच्या तोंडावर ती जाईना. उरले पंधरा-सोळा दिवस. धक्क्यावर धांदल उडाली, सामानाचे ढीग पडले. ३१ ऑक्टोबर १९६८ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो निघाला. शिडांच्या दोऱ्या हवेच्या पिशवीत अडकल्या, म्हणून ओढून परत आणावं लागलं. त्या सोडवून पुन्हा निघाला. दुरुस्तीचं सामान, त्यातच पंपाची नळी, मागे राहून गेलं होतं.

समुद्रावर

पहिल्या काही दिवसांत होडी गळू लागली. वीजनिर्मितीचं यंत्र पाण्यात भिजलं. बुडांत साचलेलं पाणी पंपाने काढायची सोय नाही, म्हणजे ते हाताने उपसायचं, आणि खवळलेल्या समुद्रात बुडाचं झाकण उघडलं तर आणखी पाणी आत. ठरवलेल्या वेगाच्या निम्माही वेग मिळेना.

१५ नोव्हेंबरला त्याने वहीत जे लिहिलं, ते मला या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक पान वाटतं. त्याने एकेक बिघाड मांडला, आणि दक्षिण महासागरात उतरलो तर वाचण्याची शक्यता फार तर निम्मी, असा निष्कर्ष काढला. अभियंत्याला शोभेल असा थंड डोक्याचा हिशेब. मग सोडून दिलं तर काय, हा दुसरा हिशेब: बेस्टचे पैसे, धंदा, क्लेअर, मुलं. दोन्ही बाजू बंद. त्यानंतर किनाऱ्याशी रेडिओवर बोलणं झालं, त्यात त्याने माघारीचा विषय काढला नाही.

डिसेंबरमध्ये त्याने कळवलं की एका दिवसात २४३ सागरी मैल कापले. एकट्या नाविकाचा तो तेव्हा विक्रम ठरला असता. चिचेस्टर यांना शंका आली. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

खोटी प्रदक्षिणा लिहिणं खऱ्या नौकानयनापेक्षा कठीण असतं. तेव्हा अशा होड्यांना उपग्रहावरून जागा कळत नव्हती. नाविक सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने सूर्याची उंची मोजायचा, अचूक वेळ आणि कोष्टकं घेऊन आपली जागा काढायचा. क्रोहर्स्टला हे गणित उलटं करावं लागलं: जिथे तो नव्हता तिथली जागा धरायची आणि तिथून सूर्य केवढा दिसला असता ते काढायचं, दिवसामागून दिवस. हजारो मैल दूरच्या समुद्रावरचं हवामान रेडिओवर ऐकून टिपून ठेवायचं, म्हणजे खोट्या नोंदीतलं वादळ खऱ्या वादळाशी जुळेल. खऱ्या जागेची वही वेगळी. अशा अक्कलहुशारीला दुसरं काही काम मिळालं असतं तर, हा विचार मला या पानांपाशी दर वेळी येतो.

जानेवारीच्या मध्यानंतर त्याने रेडिओ बंद ठेवला. जवळपास तीन महिने. जग समजत होतं की तो हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागर पार करतो आहे. तो दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेला येरझारा घालत होता. मार्चच्या सुरुवातीला उजव्या बुडाची फूट इतकी वाढली की तो अर्जेंटिनात रिओ सलादोला किनाऱ्याला लागला. नियमाप्रमाणे शर्यत तिथेच संपली होती. बातमी फुटली असती तर, मला वाटतं, तो जगला असता. ती बाहेर गेलीच नाही. लाकडाचा तुकडा आणि खिळे-स्क्रू मिळवून त्याने बूड दुरुस्त केलं आणि पुन्हा एकांतात गेला.

नायजेल टेटली

खोट्याची झळ दुसऱ्या माणसाला बसली, म्हणून त्याच्याविषयी थांबून लिहायला हवं. ब्रिटिश नौदलाचा अधिकारी टेटली त्याच जातीच्या ट्रायमरानमधून केप हॉर्न ओलांडून खरोखर घरी येत होता. होडी खिळखिळी झाली होती. जपून आणली असती तर कदाचित तग धरती. पण १० एप्रिलला क्रोहर्स्टचा रेडिओ पुन्हा बोलू लागला, आणि टेटलीला कळलं की मागून कोणीतरी वेगाने येत आहे. ५,००० पौंड निसटतील म्हणून त्याने होडी पळवली. २१ मे १९६९ला अझोर्स बेटांच्या परिसरात ती फुटून बुडाली. टेटली तराफ्यावर वाचला. जवळजवळ पूर्ण झालेली खरी प्रदक्षिणा न झालेल्या प्रदक्षिणेपुढे हरली.

क्रोहर्स्टचा बेत बहुधा असा असावा की टेटलीच्या मागे दुसरं यायचं. दुसऱ्याच्या वह्या कोणी तपासत नाही. मानाने घरी जाता येतं, कर्ज कसंबसं सांभाळता येतं. टेटली बुडाला आणि हा रस्ताही मिटला. नॉक्स-जॉन्स्टन आधीच पोहोचला होता, पण त्याला ३१२ दिवस लागले होते. फ्रान्सचा बर्नार्ड मॉइतेसिए तर केप हॉर्न ओलांडूनही युरोपकडे न वळता दुसऱ्यांदा पूर्वेला निघून ताहितीला गेला होता. म्हणजे सर्वांत वेगवान आता क्रोहर्स्ट. बक्षीस, सत्कार, आणि जाणकारांच्या हाती प्रत्येक पान.

जूनमध्ये त्याचा वेग मंदावत गेला. २४ जूनपासून तो वेगळंच लिहू लागला: मन, देव, विश्व, विचारशक्तीने शरीरापलीकडे जाणं, सुमारे २५,००० शब्द. ते वाचताना एका थकलेल्या, एकट्या पडलेल्या मेंदूचे तुकडे होताना दिसतात. त्यावर अधिक टिप्पणी करायला माझं मन धजत नाही. शेवटची नोंद १ जुलैची. त्याचा देह कधीच सापडला नाही.

५,००० पौंडांवर हक्क उरला एकट्या नॉक्स-जॉन्स्टनचा. त्याने ती रक्कम क्रोहर्स्टच्या पत्नी आणि मुलांना दिली, आणि फसवणूक उघड झाल्यावरही शब्द मागे घेतला नाही.

अनुभव नव्हता, हेच कारण का?

सोपं उत्तर हेच दिलं जातं: हौशी माणसाने तिथे जायलाच नको होतं. मला ते पटत नाही, आणि पुरावा त्याच शर्यतीत आहे. चे ब्लाइथ हा माजी सैनिक. जॉन रिजवेबरोबर १९६६ मध्ये त्याने ९२ दिवसांत वल्ह्यांनी अटलांटिक ओलांडला होता, पण शिडाची होडी चालवण्याचा अनुभव म्हणाल तर शून्य. क्रोहर्स्टपेक्षाही कच्चा. निघतानाही पुढे मित्रांची होडी होती, तिच्यावर काय करतात ते पाहून तो शिडं लावत होता. आपली होडी दक्षिण महासागराच्या लायकीची नाही हे कळल्यावर तो दक्षिण आफ्रिकेला लागला आणि शर्यत सोडली. १९७०-७१ मध्ये हाच माणूस मजबूत होडी घेऊन, वाऱ्यांच्या विरुद्ध दिशेने, न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. रिजवेने ब्राझीलला शर्यत सोडली. बिल किंगची डोलकाठी तुटली, त्याने केप टाउन गाठलं. अलेक्स कारोझोला पोटाच्या व्रणाने पोर्तुगालला उतरवलं. लोइक फूजरों सेंट हेलेनाला थांबला. नऊपैकी पाच जणांनी असा जमिनीचा आधार घेतला, आणि पाचही जण जगले.

या सगळ्यांकडे परत फिरण्याचा अधिकार शाबूत होता. त्यांचीही निराशा झाली असेल, पैसे गेले असतील. पण थांबल्याने मुलांच्या डोक्यावरचं छप्पर जाईल, असा क्रोहर्स्टसारखा कागद मागे ठेवून त्यांच्यापैकी कोणी निघाल्याचं माझ्या वाचनात नाही.

ही शर्यत ५० वर्षांनी, २०१८ मध्ये, पुन्हा भरवली गेली तेव्हा हजारो मैलांचा अनुभव सक्तीचा होता आणि होड्यांवर उपग्रहाने जागा कळवणारी उपकरणं होती. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांची होडी सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात उलटून डोलकाठी गेली, पाठीला गंभीर इजा झाली. तीन दिवसांत फ्रेंच गस्तीजहाज त्यांच्यापर्यंत पोहोचलं. पुढच्या शर्यतीत, २०२३च्या एप्रिलमध्ये, ते दुसरे आले. कुठे आहात ते दिसणं आणि थांबायला मुभा असणं, या दोन्ही गोष्टी क्रोहर्स्टकडे नव्हत्या. पहिली त्या काळात नव्हतीच, दुसरी त्याने विकली होती.

कुठे थांबवता आलं असतं

शेवटाकडून मागे जाऊन पाहतो. जून १९६९मध्ये खूप उशीर झाला होता. मार्चमध्ये रिओ सलादोला एक फोन पुरला असता. लाज वाटली असती, घर कदाचित गेलं असतं, पण तोवरचं खोटं माणसाला निस्तरता येण्याएवढंच होतं. १५ नोव्हेंबरला तर खोटं सुरूसुद्धा झालं नव्हतं. त्या पानावरचा बिघाडांचा हिशेब त्याने रेडिओवर बेस्टला जसाच्या तसा वाचून दाखवला असता, तर समोरचा माणूस काय म्हणाला असता? निम्मी शक्यता मरणाची आहे हे ऐकून बहुतेक माणसं कागद बाजूला ठेवतात. पण ते वाक्य त्याला ऐकवलं गेलंच नाही. करारात 'होडी असुरक्षित ठरली तर' एवढं एक कलम असतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार तिसऱ्याच कुणा जाणत्या नाविकाला दिलेला असता, तर टिनमथला होडी दोन आठवड्यांनी रखडत आली त्या दिवशीच निकाल लागला असता.

आणि त्याच्याही नंतर एक रात्र होती, ३० ऑक्टोबरची. धक्क्यावरची कामं अर्धवट टाकून तो क्लेअरकडे आला आणि म्हणाला की होडी ठीक नाही, मी तयार नाही. क्लेअरने विचारलं, आता सोडून दिलंस तर जन्मभर खंत करशील का? त्याने उत्तर दिलं नाही, रडत राहिला. तो आपल्याला थांबवायला सांगत होता हे तेव्हा कळलं नाही, असं क्लेअरने पुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाव धक्क्यावर जमलं होतं.